लियुझोउची गाडी आणि हालोलचा कारखाना

बडोद्याहून गोध्ऱ्याच्या वाटेने निघालेल्या प्रवाशास पावागड दिसू लागला, की हालोल जवळ आले असे समजावे. पंचमहालाचा हा मुलूख एकेकाळी शिंद्यांच्या अमलाखाली होता. चीनमधील एका सामान्य मालवाहू गाडीच्या कुळातील मोटारी या हालोलात तयार झाल्या, ही हकीगत बडोदेकरांतही थोड्यांनाच ठाऊक असेल.

ते कूळ लियुझोउ या दक्षिण चीनमधील शहराचे. तेथील यंत्रांचा कारखाना 1958 सालचा. पुढे त्यात ट्रॅक्टर होऊ लागले. मागणी आटली तेव्हा कारखान्यास दुसरा उद्योग शोधणे भाग पडले, आणि मित्सुबिशीच्या एका लहान जपानी गाडीचा नमुना पुढे ठेवून 1980 नंतरच्या पहिल्या वर्षांत छोटी व्हॅन व तिचाच छोटा ट्रक निघाला. हीच वूलिंग. तिला रूप नव्हते, ऐषआराम तर नव्हताच. परंतु सकाळी भाजीच्या पाट्या न्याव्यात आणि सायंकाळी तीतच मुलेबाळे बसवावीत, अशी तिची रीत होती. गरिबाला दोन गाड्या कोठून परवडणार? 2002 साली शांघायची एसएआयसी, अमेरिकेची जनरल मोटर्स आणि वूलिंग यांची भागीदारी झाली. 2010 साली निघालेली हाँगग्वांग 2013 या एकाच वर्षी पाच लाखांहून अधिक खपली.

हालोलला जनरल मोटर्सने हिंदुस्थान मोटर्सच्या सहकार्याने 1996 साली ओपेल अ‍ॅस्ट्रा काढली होती; ती सुखवस्तू घरची गाडी. 2009 साली एसएआयसीशी करार झाला, त्यात छोट्या मालवाहू गाड्यांचाही बेत होता. तो बेत कागदावरच राहिला. ते क्षेत्र 2005 पासून टाटांच्या ‘छोट्या हत्ती’ने व्यापले होते. हाँगग्वांग मात्र 2013 मध्ये ‘शेव्हरोले एन्जॉय’ या नावाने आली. चीनमध्ये स्वतःची भाकरी कमावणारी ही गाडी येथे कुटुंबवत्सल पाहुणी म्हणून मिरवली गेली, आणि तेथेच बहुधा चूक झाली. मारुतीची अर्टिगा वर्षभर आधीच येऊन बसली होती.

2017 साली जनरल मोटर्सने भारतातील विक्री थांबविली. हालोलची यंत्रे थांबली आणि कामगारांपुढे पोटाचा प्रश्न उभा राहिला. कारखाना घेतला तो जुन्या भागीदारानेच, म्हणजे एसएआयसीने. 2019 साली तेथून एमजी या जुन्या इंग्रजी नावाने हेक्टर निघाली. तळेगावच्या कारखान्याचे तसे जमले नाही. ग्रेट वॉल या चिनी कंपनीशी 2020 च्या जानेवारीत झालेला त्याचा व्यवहार सीमेवरील संघर्षानंतर अडकून पडला व 2022 साली बारगळला. अखेरीस कोरियाच्या ह्युंदाईने तो कारखाना घेतला. हालोलच्या कंपनीतही 2024 साली जिंदल घराण्याचा जेएसडब्ल्यू समूह भागीदार झाला.

वूलिंगचे रक्त मात्र हालोलात वाहतेच आहे. 2023 ची विजेवरची चिमुकली कॉमेट आणि 2024 ची विंडसर या दोन्ही त्याच कुळातल्या. कॉमेटमध्ये चौघे बसले, की मागे एखादी पिशवी कशीबशी मावते. भाजीच्या पाट्यांना जागा नाही.