जोडक्रियापदे, इंग्रजी : बोली मराठीतील वापर
इंग्रजी क्रियापदाला अप, ऑफ, बॅक असे छोटे शब्द लागून होणारी जोडक्रियापदे मराठीत अखंड येतात आणि ‘करणे’, ‘होणे’ यांच्या आधाराने चालतात. इंग्रजीत फुटू शकणाऱ्या जोडीत नाम मध्ये किंवा नंतर कुठेही चालते. सर्वनाम मात्र मध्येच हवे. ‘पिक मी अप’ बरोबर, ‘पिक अप मी’ चूक. छत्रपती संभाजीनगरात सिडकोतला मुलगा मित्राला सांगतो, ‘मला बाबा पेट्रोल पंपावरून पिकअप कर.’ जोडी फुटत नाही. सर्वनाम ‘ला’ लावून आधीच येऊन बसते. शहरातल्या दखनी उर्दूतही तीच रचना : ‘मेरेको पिकअप कर.’ वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या कंपनी-बसचा थांबा तर सरळ ‘पिकअप पॉइंट’ झाला आहे.

साध्या इंग्रजी क्रियापदांसोबतही विभक्ती वा शब्दयोगी अव्यय कोणते, हे मराठीच ठरवते. ‘त्याच्याशी बोल’ तसे ‘त्याच्याशी डिस्कस कर’. ‘माझा वेट कर’मध्ये तर इंग्रजीतले ‘फॉर’ पार गळून पडले आहे.

उलट वाहतूकही होते. ‘विषयावर चर्चा’ डोक्यात असल्याने विद्यार्थी ‘डिस्कस अबाऊट’ लिहितात. ‘पिकअप कर’ हे चांगले मराठी आहे. ‘डिस्कस अबाऊट’ मात्र भारतभर रुळले असले तरी प्रमाण इंग्रजीत चूकच धरले जाते.