पडद्यावरचं कापड आणि सिरोंच्याचा शिंपी



तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेला माणूस आज कपड्यांवर बोलणार, याचं काही जणांना नवल वाटलं असेल. साहजिक आहे. आमच्या शास्त्रात कपडा म्हणजे ‘बाह्य’ गोष्टीचं हुकमी उदाहरण. गीतेतसुद्धा आत्मा देह बदलतो तो जुनी वस्त्रं टाकून नवी घेतल्यासारखा. दृष्टांत सुंदर आहे, पण त्यात वस्त्राचं काम तेवढ्यापुरतंच. ते शिवलं कोणी, हे कुणी विचारत नाही. मीही पन्नास वर्षं विचारलं नाही.

विचारायची वेळ आली ती सिरोंच्यात. मागच्या हिवाळ्यात तिथे एका कार्यक्रमाला गेलो होतो. माझं लहानपण तिथलं, त्यामुळे कुणी बोलावलं की मी जातो. कार्यक्रम संपल्यावर बारावीतली एक मुलगी थांबली. म्हणाली, “सर, मला फॅशन डिझायनिंगला जायचंय. आई म्हणते, शेवटी शिवणकामच ना ते? त्यासाठी एवढे पैसे घालून शहरात कशाला जायचं? तुम्ही सांगा, हे खरं करिअर आहे का?”

मी गुळमुळीत उत्तर दिलं. आवड असेल तर जा, वगैरे. परतीच्या बसमध्ये ते उत्तर मलाच टोचत राहिलं. म्हणून आज नीट उत्तर द्यायचा प्रयत्न करतो. पण आधी थोडा इतिहास पाहू.

ज्यांनी सिरोंचा पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. गडचिरोली जिल्ह्याचं हे अगदी दक्षिणेकडचं तालुक्याचं गाव. इथे प्राणहिता गोदावरीला मिळते. पलीकडच्या काठावर तेलंगणातलं कालेश्वरम. जिल्ह्याचं ठिकाण दोनशे किलोमीटरच्या पुढे, आणि परराज्य मात्र नदी ओलांडली की आलंच. १८६० मध्ये हा मुलूख निजामाकडून इंग्रजांकडे आला. त्यांनी ‘अपर गोदावरी’ नावाचा जिल्हा केला आणि सिरोंचा हे त्याचं मुख्य ठाणं. १८७४ मध्ये तो जिल्हा मोडला आणि सिरोंचा चांदा जिल्ह्याला जोडलं गेलं. राज्यकर्ते बदलले, पण घरातली भाषा तेलुगूच राहिली. शाळेत मराठी, बाजारात दोन्ही, जंगलातल्या गावांत गोंडी आणि माडिया. त्यामुळे कपड्यांनाही दोन-दोन नावं. लुगड्याला चीर, झंपरला रविका. मुली परकर आणि ओढणी घालत, ती लंगा-ओणी.

आता सिनेमा. महाराष्ट्रात सिनेमाची फॅशन म्हटली की आपण मुंबईकडे बघतो. सिरोंच्यात ती दोन वाटांनी येई. एक वाट नदीपलीकडून. होडीनं प्राणहिता ओलांडायची, चेन्नूर गाठायचं, तिथून मंचेरियल. तिथे एन. टी. रामाराव आणि अक्किनेनी नागेश्वरराव. ‘मायाबाजार’ आला १९५७ मध्ये. त्यात रामारावांनी कृष्ण केला आणि तेलुगू घरांतल्या कॅलेंडरांवरचा कृष्णसुद्धा त्यांच्यासारखा दिसायला लागला. देवाचा पोशाख जिथे सिनेमा ठरवतो, तिथे माणसांच्या सदऱ्याची काय कथा! दुसरी वाट चांद्याकडून, हिंदी सिनेमाची. ही लांबची वाट, आणि पावसाळ्यात बंद.

या दोन्ही वाटा जिथे मिळत, ते म्हणजे बाजारातल्या एका शिंप्याचं मेज.

त्यांना आम्ही सगळी पोरं मामा म्हणायचो. माझे वडील जंगल खात्यात कारकून, आम्ही बाहेरून आलेले, पण मामा आमच्याशी अर्धं तेलुगू अर्धं मराठी बोलत. तेलुगू सिनेमा लागला की ते होडीनं जात आणि येताना गाण्यांची पुस्तिका आणत. तिच्या मुखपृष्ठावरचं चित्र भिंतीला चिकटवत. पुढचे सहा महिने गावातल्या निम्म्या शर्टांची कॉलर त्या चित्रावरून ठरे. पुस्तिकेत नायकाची पाठ कधीच दिसत नसे. पाठ मामा स्वतःच्या डोक्यानं बेतत.

‘वक्त’ हा चित्रपट १९६५ चा. माझी थोरली बहीण चांद्याला मावशीकडे गेली होती, तिथे तिनं तो पाहिला. साधनाची ती अंगाला घट्ट बसणारी बिनबाह्यांची कमीज आणि चुडीदार तिच्या डोक्यात बसली. सिरोंच्याला परतल्यावर ती मामांसमोर उभी राहिली आणि हातवारे करून वर्णन करू लागली. मामांनी तो सिनेमा पाहिला नव्हता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, “अम्मा, हे घालून जेवायला बसशील कशी?”

आमच्या घरी जमिनीवर पाटावर बसून जेवत. साधनाच्या बंगल्यात टेबल-खुर्ची होती.

मामांनी कमीज शिवली. घट्टच शिवली, पण बाजूचे काप नेहमीपेक्षा वरपर्यंत नेले आणि शिवणीच्या आत दोन-दोन बोटं कापड राखून ठेवलं. आईसाठी अर्ध्या बाह्याही लावल्या. बहीण थोडी रुसली, मग दोन वर्षं तीच कमीज घालत राहिली. लग्नानंतर अंग भरलं तेव्हा शिवण उसवून ते राखलेलं कापड मोकळं केलं, आणि कमीज आणखी तीन वर्षं टिकली.

गेऑर्ग झिमेल नावाचे जर्मन तत्त्वज्ञ होते. १९०४ मध्ये त्यांनी फॅशनवर निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: माणसाला इतरांसारखं व्हायचं असतं आणि इतरांहून वेगळंही व्हायचं असतं, आणि फॅशन दोन्ही इच्छा एकाच वेळी भागवते. वरचा वर्ग नवं काही घालतो, खालचा त्याची नक्कल करतो, मग वरचा ते टाकून पुढे जातो. मी हा निबंध वर्गात शिकवला आहे. पण माझ्या बहिणीची कमीज त्यात बसत नाही. तिनं नक्कल केली, हे खरं. मामांनी मात्र नक्कल केली नाही. त्यांनी भाषांतर केलं. पडदा आणि अंग यांच्यामध्ये एक माणूस उभा असतो, तो या जागेला, या हवेला, या आईला चालेल असा कपडा बेततो. झिमेल यांच्या सिद्धांतात हा माणूस नाही.

आता हा माणूस इतिहासात शोधू.

सिनेमाच्या आधी आपल्याकडे नाटक होतं. १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली. बालगंधर्व, म्हणजे नारायणराव राजहंस, स्त्रीभूमिका करत. त्यांची साडी नेसण्याची ढब, नथ, अंबाड्यावरचा गजरा यांचं अनुकरण पुण्या-मुंबईतल्या घरंदाज बायका करू लागल्या. गंमत बघा, बाईनं कसं दिसावं हे एका पुरुषाकडून बायका शिकत होत्या. नारायणरावांचं नाव अजरामर झालं, ते योग्यच. पण त्या पैठण्या विणणारे, चोळ्या शिवणारे, पडद्यामागे निऱ्या बसवून देणारे हात कोणाचे? ती नावं आपण कितीशी जपली? पुढे २०११ मध्ये ‘बालगंधर्व’ चित्रपट आला आणि त्याच्या वेशभूषेसाठी नीता लुल्ला यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याच निऱ्या पुन्हा बसवल्याबद्दल शंभर वर्षांनी बक्षीस मिळालं. शंभर वर्षांत काय बदललं, तर त्या कामाला नाव आलं.

हे नाव मिळवण्यात जिचा वाटा सर्वांत मोठा, ती कोल्हापूरची मुलगी. भानुमती राजोपाध्ये, जन्म १९२९. वडील चित्रकार, ते मुलगी लहान असतानाच गेले. मुंबईत जे. जे. कला महाविद्यालयात शिकली. पोटापाण्यासाठी ‘ईव्ह्ज वीकली’ साप्ताहिकात कपड्यांची चित्रं काढू लागली. साप्ताहिकाच्या संपादिकेनं कपड्यांचं दुकान काढलं, तेव्हा ही नुसती चित्रं न काढता कपडेही बेतू लागली. तिथे सिनेमातल्या नट्या येत. १९५६ च्या ‘सी.आय.डी.’पासून ती सिनेमात आली. आपण तिला भानू अथय्या म्हणून ओळखतो. माझ्या बहिणीला वेड लावणारी ‘वक्त’मधली ती कमीज त्यांचीच.

१९६८ मध्ये ‘ब्रह्मचारी’ आला. त्यात मुमताजला शम्मी कपूरबरोबर बेभान नाचायचं होतं, आणि तेही साडीत. साडीत असं नाचलं तर ती सुटणार, चापून नेसली तर पाय हलणार नाही. भानूताईंनी नारिंगी साडी आधीच घड्या घालून शिवून टाकली आणि तिला चेन लावली. दिसायला नेसलेली, प्रत्यक्षात घालायची. ती साडी लोकांनी उचलली, आणि शिवलेल्या साड्या आजही बाजारात आहेत.

आता सिरोंच्याचे मामा आठवा. त्यांच्यापुढे प्रश्न होता, पाटावर कसं बसायचं. भानूताईंपुढे प्रश्न होता, नाचायचं कसं. एकानं काप वर नेले, दुसरीनं चेन लावली. विद्या एकच आहे. अंगाला काय करायचंय हे आधी विचारायचं, मग कात्री हातात घ्यायची.

१९८३ मध्ये ‘गांधी’ चित्रपटासाठी भानू अथय्या यांना जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर मिळालं. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. आणि ते कशासाठी मिळालं बघा. ज्या माणसानं २२ सप्टेंबर १९२१ ला मदुराईत अंगावरचे कपडे कमी करून पंचा स्वीकारला, त्याच्या गोष्टीसाठी! बॅरिस्टरच्या कोटापासून पंचापर्यंत पन्नास वर्षांचा प्रवास कापडातून दाखवायचा होता. झगमगाट हा या धंद्याचा एक कोपरा झाला. साधेपणा खरा दिसेल असा करणं हे त्याहून अवघड.

याचा दाखला आपल्या जिल्ह्यातही आहे. १९७३ मध्ये भामरागडच्या जंगलात हेमलकसाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. तिथे माडिया माणसांच्या अंगावर पुरेसं कापड नाही हे पाहून डॉ. प्रकाश आमटे यांनी आपले कपडे बंडी आणि अर्ध्या चड्डीवर आणले. डॉक्टरचा पोशाख कसा असावा हे त्यांनी पेशंटकडे बघून ठरवलं. २०१४ मध्ये त्यांच्यावर चित्रपट आला, नाना पाटेकर त्यात होते. आता त्या बंडीचा विचार करा. ती नवी कोरी दिसली तर सगळा सिनेमा खोटा. किती धुतलेली, किती विटलेली, कुठे सैल झालेली, हे कुणीतरी ठरवावं लागतं. ते ठरवणं हाही पेशाच आहे.

आणि नक्कल नेहमी वरून खाली जाते असंही नाही. २०२१ च्या शेवटी ‘पुष्पा’ आला. नायक रक्तचंदनाच्या जंगलातला मजूर, अंगात ढगळ शर्ट, कमरेला लुंगी. सागवानाच्या चोरीच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या सिरोंच्याला हा माणूस ओळखीचाच. आता प्राणहितेवर आणि गोदावरीवर पूल झालेत, होडीची गरज उरली नाही आणि सिनेमा तर हातातल्या मोबाईलमध्ये. जंगलात राबणाऱ्याचा कपडा पडद्यावर गेला, तिथून चकाकून परत आला आणि जंगलातल्याच पोराला तयार शर्ट म्हणून विकला गेला. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ हर्बर्ट ब्लूमर यांनी १९६९ मध्येच झिमेल यांच्या मताला आक्षेप घेतला होता. फॅशन वरचे लोक लादत नाहीत, ती पुष्कळांच्या निवडीतून घडते, असं त्यांचं म्हणणं. मला ते जास्त पटतं. फक्त मी एवढंच जोडीन की निवड पुष्कळांची असली तरी पैसा आणि नाव मोजक्यांच्या वाट्याला जातं.

नाव मिळायला किती वेळ लागतो तेही पाहा. आपले राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार १९५४ मध्ये सुरू झाले. त्यांत वेशभूषेला जागा मिळायला १९८० चं दशक उजाडलं. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था, म्हणजे निफ्ट, दिल्लीत १९८६ मध्ये निघाली. म्हणजे त्या मुलीची आई ‘शेवटी शिवणकामच ना’ म्हणते, तेव्हा ती अडाणीपणानं बोलत नाही. पिढ्यान्‌पिढ्या या कामाला जो मान मिळाला नाही, त्याचा हिशेब ती सांगतेय. खुद्द भानू अथय्यांनी २०१२ मध्ये आपलं ऑस्कर अकादमीकडे परत पाठवलं, कारण आपल्यामागे ते इथे नीट सांभाळलं जाईल याची त्यांना खात्री नव्हती.

तर त्या मुलीला माझं उत्तर. होय, हे शिवणकामच आहे. आईला तसंच सांग. शिवणकाम हलकं असतं, एवढं मात्र मान्य करू नकोस. कॉलेजला जरूर जा. तिथे चित्र काढायला, इतिहास वाचायला, हिशेब मांडायला आणि कामावर स्वतःचं नाव लिहायला शिकशील. पण आधी गावातल्या एखाद्या मशीनवर सहा महिने बस. काज कर, तुरपाई कर, उसवून पुन्हा शिव. आणि डोळे उघडे ठेव. ऐनाच्या आणि अर्जुनाच्या झाडावर कोसा होतो तो तुमच्याच जंगलात. त्याचं कापड विणणारे आरमोरीला आहेत, नदीपलीकडे महादेवपूरलाही कोशाचं काम चालतं. कोशापासून पदरापर्यंतचा हा सगळा रस्ता मुंबईच्या मुलीला पुस्तकात वाचावा लागेल, तुला तो चालून बघता येईल. उद्या माडिया बायकांच्या मण्यांच्या माळा कुठल्या सिनेमात किंवा फॅशन शोमध्ये गेल्या, तर त्या कोणी ओवल्या हे सांगणारी तू हो.

शेवटी एक कबुली देतो आणि थांबतो. हे व्याख्यान तयार करताना मला मामांचं नाव लिहायचं होतं. दहा वर्षं मी त्यांनी शिवलेले कपडे घातले. माझा मुंजीचा सदरा त्यांचा, मॅट्रिकच्या परीक्षेची पँट त्यांची. बहिणीला फोन केला. तिलाही नाव आठवेना. ती म्हणाली, “अरे, आपण मामाच म्हणायचो ना!” साधनाचं नाव तिला आठवत होतं, सिनेमाचं आठवत होतं, कमिजेचा रंगसुद्धा आठवत होता.

पुढच्या खेपेला सिरोंच्याला जाईन तेव्हा बाजारात विचारणार आहे. त्या मुलीलाही बरोबर नेईन म्हणतो.