वणवा आणि शेजारधर्म

श्रोतेहो, माझे गाव सालवड. बोईसर स्थानकावर उतरून तारापूरच्या बाजूस निघाले म्हणजे थोड्याच वेळात ते लागते. फाल्गुन-चैत्राच्या रात्री गावाबाहेर उभे राहून पूर्वेकडे पाहिले, तर रुळांपलीकडच्या डोंगरांवर, आसावा किल्ल्याच्या अंगाला, कधी कधी एक तांबडी रेघ सरकताना दिसते. गुजराथ मेलमधून जाणारे उतारू खिडकीशी येऊन ती कौतुकाने पाहतात. लहानपणी मलाही ती रोषणाई वाटे. एकदा मी टाळ्या पिटल्या, तेव्हा वडील एवढेच म्हणाले, "टाळ्या काय वाजवतोस? तिथे माणसे राहतात."

आज त्या माणसांविषयी दोन शब्द बोलावयाचे आहेत. वणव्यात किती झाडे जळाली, किती पाखरे होरपळली, हे वर्तमानपत्रांतून येते व ते यावयासच हवे. परंतु आगीच्या तोंडी सापडलेल्या पाड्यासाठी कोण धावून जाते, कोणत्या नात्याने जाते, आणि सरकारी कायद्याने त्या धावण्याचे काय करून ठेवले, हा इतिहास सहसा कोणी सांगत नाही.

प्रथम हा मुलूख डोळ्यांपुढे आणला पाहिजे. हल्ली आमच्या बाजूस 1969 पासून अणुवीज केंद्र आहे, पुढे औद्योगिक वसाहतही वाढली, त्यामुळे बोईसर म्हटले की धुराडी आठवतात. पण त्यापूर्वीचे पालघर, बोईसर, डहाणू म्हणजे गवताचा मुलूख. 1864 साली बडोदा लाइनची आगगाडी मुंबईस पोहोचली आणि आमच्या माळावरच्या गवताला मोल आले. मुंबईत 1874 पासून 1905 पर्यंत ट्राम घोडे ओढीत असत. व्हिक्टोरिया गाड्यांचे घोडे होते, तबेल्यांतील म्हशी होत्या. त्या सर्वांच्या पोटासाठी ठाणे जिल्ह्यातले गवत कापले जाई, त्याचे गठ्ठे बांधले जात आणि ते रेल्वेने रवाना होत. कापणारे हात वारल्यांचे. 1945 साली वारल्यांनी जो लढा दिला, त्यातली एक मुख्य मागणी 500 पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मिळावेत, ही होती, हे पुष्कळांस ठाऊक असेल. त्या लढ्यात 10 ऑक्टोबर 1945 रोजी तलवाडे येथे गोळीबार होऊन माणसे मेली.

गवताच्या मुलखात आगीची धास्ती नेहमीची. स्थानकालगत रचलेल्या गवताच्या गंजीपाशी राखणदार बसे, कारण ती कोणाची तरी मालमत्ता होती. डोंगरालगतच्या पाड्याला राखणदार नसे. तिथले घर म्हणजे कारवीच्या कुडाला शेणमाती लिंपलेली, वर गवताचे छप्पर. एक ठिणगी पुरे. घरे एकमेकांपासून अंतर सोडून बांधण्याची वारल्यांची रीत आहे; तिची कारणे अनेक असतील, पण आगीच्या वेळी ते अंतर किती कामास येते हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे.

आता कायद्याकडे वळू. 1878 साली हिंदुस्थान सरकारने जंगलाचा कायदा केला आणि ठाणे जिल्ह्यातील डोंगरांचा मोठा भाग राखीव झाला. त्याबरोबर राबाचा तंटा उभा राहिला. शहरातील श्रोत्यांसाठी सांगतो. भाताची रोपे ज्या तुकड्यात वाढवावयाची, तेथे उन्हाळ्यात पाला, डहाळ्या, गवत व शेण यांचे थर पसरून वर थोडी माती टाकतात आणि ते भाजून काढतात. याला राब म्हणतात. तण मरते, राखेचे खत होते. शेतकऱ्यास हा प्राण वाटे, जंगल-अधिकाऱ्यांस ही नासाडी वाटे, शिवाय वणव्याचे मूळही वाटे. ओरड इतकी झाली की गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या कारकीर्दीत 1885 साली मुंबई इलाख्यात जंगल कमिशन नेमण्यात आले, आणि ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील राब हा त्याच्या चौकशीचा एक प्रमुख विषय झाला. खेड्यातल्या कुणब्याची गाऱ्हाणी एवढ्या विस्ताराने ऐकून घेतली जाण्याचे प्रसंग त्या काळी थोडेच होते.

1927 च्या कायद्याने जुनेच वळण पुढे चालविले, आणि तो कायदा दुरुस्त्यांसह आजही चालू आहे. त्यातील दोन कलमे माझ्या विषयाच्या गाभ्याशी आहेत. 79 व्या कलमाप्रमाणे जंगलात ज्याचा काही हक्क आहे, जो तेथे गुरे चारतो किंवा लाकूडफाटा आणतो, तसेच लगतच्या गावातील जो कोणी सरकारी चाकर आहे, त्याने वणव्याची बातमी लागताच ती कळविली पाहिजे व आग विझविण्यास लागले पाहिजे. न केल्यास एक महिन्यापर्यंत कैद किंवा 200 रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. दुसरे 26 वे कलम. राखीव जंगलात कोणी जाणूनबुजून अथवा घोर हयगयीने आग लावली, तर शिक्षा होईल ती वेगळीच, शिवाय त्या जंगलातील चराईचे व वनोपजाचे सर्व हक्क सरकारला वाटेल तितक्या मुदतीपर्यंत तहकूब करता येतात. म्हणजे आग एकाने लावावी आणि गुरे सगळ्यांची उपाशी राहावीत.

आग विझविण्यास जावे, ही सक्ती वाईट आहे असे मी म्हणत नाही. पण जे लोक आपणहून धावत होते, त्यांच्या मानगुटीवर हे कलम बसले. आणि त्यांनी विझवावयाची ती सरकारच्या झाडांची आग. त्यांच्या छपरांविषयी त्या कलमात अक्षर नाही.

या दोन कलमांचा अर्थ मला पुस्तकातून कळला नाही. मॅट्रिक होऊन मी शिक्षकाची नोकरी धरली आणि काही वर्षे रुळांच्या पूर्वेकडील एका पाड्याच्या शाळेवर होतो. 1987 सालचा मार्च. दुपारची शाळा चालू असताना वर डोंगरावर धूर दिसला. थोड्याच वेळात वारा फिरला आणि आग उताराने पाड्याकडे येऊ लागली. मी मुलांना ओढ्याच्या कोरड्या पात्रात नेऊन बसविले. पुढचे जे पाहिले, त्यात कोणी कोणास हुकूम केला नाही. एका म्हाताऱ्याने उंचावर जाऊन हाक घातली. ती पलीकडच्या पाड्याने उचलली, त्याच्या पलीकडच्याने उचलली, आणि तासाच्या आत तीन पाड्यांची माणसे जमली. बाप्यांनी करंजाच्या हिरव्या फांद्या तोडून घेतल्या व आगीची कड झोडपीत चालले. काहींनी घरांच्या वरच्या अंगाला गवत खरवडून मोकळा पट्टा केला आणि त्या पट्ट्यापासून उलट बाजूने स्वतःच आग लावली, म्हणजे वरून येणाऱ्या वणव्याला खावयास काही उरू नये. हे काम धाडसाचे आहे. वारा चुकला की संपले. बायकांनी कणगीतले भात उपसून बाहेर काढले, शेळ्या सोडल्या, आणि विहिरीपासून हंड्यांची रांग लावून छपरे भिजविली. सूर्य मावळेपर्यंत आग हटली. एक घर मात्र गेले.

ते घर पंधरा दिवसांत पुन्हा उभे राहिले. कोणी कारवीचे भारे आणले, कोणी बांबू, कोणी गवत. ज्याच्याकडे काही नव्हते त्याने दोन दिवस माती तुडविली. जेवण त्या घरवाल्याने घालावयाचे अशी रीत; पण त्याचे धान्य जळालेले, म्हणून प्रत्येक जण आपली भाकर घेऊन येई व ती त्याच्या हाताने वाटून घेई. मानही राहिला आणि पोटही भरले. शहरात आम्ही मदत-फंड काढतो, पावत्या फाडतो. त्यात वाईट काही नाही, पण घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये याची इतकी बारीक काळजी मी अन्यत्र पाहिलेली नाही.

आता दुसरी बाजू. विझविणाऱ्यांपैकी एका तरुणाचे दोन्ही तळपाय भाजले होते. मी म्हटले, चल, बोईसरला दवाखान्यात नेतो. तो येईना. दोन दिवसांनी कारण कळले. चौकशी होणार होती, आणि भाजलेला पाय म्हणजे पुरावा! आग लावणाराच आगीजवळ असतो, अशी समजूत पाड्यावर पक्की होती, आणि ती त्यांनी कोठून शिकली हे सांगावयास नको. तो आठ दिवस झोपडीत पडून राहिला, पाय झाडपाल्यात बांधून. चौकशीस एक गृहस्थ आले. त्यांनी आग कोणी लावली हे विचारले. कोणी विझविली हे विचारले नाही. सर्व पाडा म्हणाला, "ठावा नाय." मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. सरकारी पगार घेणाऱ्या मास्तरावर तर माहिती देण्याचे बंधनच आहे, असे मला सांगण्यात आले.

श्रोतेहो, मला ठाऊक होते. माझ्याच शाळेतील नऊ वर्षांची एक मुलगी सकाळी आजीबरोबर मोहाची फुले वेचावयास गेली होती. फुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा वाळलेला पाला पेटवितात, आणि ती आग आवरली नाही. मी कागदावर लिहून दिले की, आग कोणी लावताना मी पाहिले नाही. ते अक्षरशः खरे होते. ते पूर्ण खरे नव्हते, हेही मी जाणतो. चाळीस मुलांना रोज खरे बोला म्हणून शिकविणाऱ्या माणसाने तो कागद लिहिला. त्या मुलीचे नाव दिले असते, तर पाड्याच्या गुरांचे काय होणार होते, एवढाच हिशेब माझ्या डोक्यात होता. तो चुकला असे मला अद्याप वाटत नाही. पण बरोबर होता असे म्हणतानाही जीभ अडखळते.

असे फक्त आमच्याकडे घडले असे नाही. 1921 च्या जानेवारीत कुमाऊंच्या पहाडी लोकांनी बागेश्वरच्या जत्रेत वेठबिगारीच्या वह्या शरयू नदीत बुडविल्या, आणि त्याच उन्हाळ्यात तिकडची सरकारी राखीव जंगले पेटली. जळाली ती मुख्यतः चीडची, सरकारच्या उत्पन्नाची जंगले. गुरांना चारा देणारी बांजाची जंगले लोकांनी सांभाळली, असे इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी दाखवून दिले आहे. सरकारने त्या वर्षी गाऱ्हाण्यांची समिती नेमली व 1931 साली वनपंचायतीचे नियम केले. गावाच्या हाती गावाचे वन आले.

सातासमुद्रापलीकडे ऑस्ट्रेलियात याच प्रश्नाला निराळे उत्तर मिळाले. व्हिक्टोरिया प्रांतात 13 जानेवारी 1939 रोजी भयंकर वणवा लागला. त्या वर्षीच्या वणव्यांत 71 माणसे दगावली. न्यायाधीश स्ट्रेटन यांनी चौकशी केली, आणि 1945 साली खेडोपाडीच्या स्वयंसेवक दलांना एका छत्राखाली आणणारी संस्था सुरू झाली. शेतकरी, दुकानदार, मास्तर हेच तिचे शिपाई. गावकऱ्याचे धावणे तिथे कायद्याने हाती धरले, त्याला बंब दिला, शिक्षण दिले. तरी निसर्ग कोणास बधत नाही. 7 फेब्रुवारी 2009 रोजी त्याच प्रांतात 173 माणसे मेली. 2019 च्या अखेरीस मल्लाकूटा गावची हजारो माणसे आगीपुढे हटत समुद्रकिनाऱ्यावर येऊन उभी राहिली व आरमाराच्या जहाजाने पुष्कळांस तेथून हलविले. त्या दिवसांत बेर्न्सडेल येथे मेलबर्नचे शीख स्वयंसेवक घरे सोडून आलेल्या लोकांना रोज गरम जेवण शिजवून घालीत होते. पंजाबातून गेलेल्या माणसांनी परक्या मुलखातील वणव्यात लंगर लावला, हे वाचून मला माझ्या पाड्यावरची ती वाटून घेतलेली भाकर आठवली.

आपल्याकडेही पालट होत आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला वन राखण्याचा अधिकार दिला. 2009 साली गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावास सामूहिक हक्क मिळाला. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावच्या ग्रामसभेने तर तेंदूपानांचे उत्पन्न आपण होऊन सोडले, कारण त्या पानांसाठी फांद्या छाटल्या जातात व आगी लागतात. गरीब गावाने हातची रोकड सोडणे ही लहान गोष्ट नव्हे. डेहराडूनची वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाने दिसलेल्या आगीची बातमी मोबाइलवर धाडते. 15 फेब्रुवारी ते 15 जून हा आगीचा हंगाम धरून जाळरेषा काढल्या जातात, हंगामी मजूर नेमले जातात.

त्या हंगामी मजुरांविषयी मात्र एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. 8 एप्रिल 2021 रोजी गोंदिया जिल्ह्यात नागझिऱ्याच्या जंगलात वणवा विझविताना तीन मजूर जळून मेले. ते आसपासचेच रहिवासी. वाऱ्याची चाल ओळखणारे. त्यांच्या मरणाची बातमी दोन दिवस छापून आली व मागे पडली. वाघासाठी राखलेल्या जंगलाची आग त्यांनी अंगावर घेतली. त्यांच्या घरच्यांसाठी किती जणांनी हाक उचलली, हा प्रश्न मुंबई-पुण्याच्या घराघरांतून विचारला जावा असे मला वाटते.

तळपाय भाजलेला तो तरुण आता साठीकडे झुकला आहे. दोन-तीन वर्षांमागे, पहिल्या पावसानंतर, तो मला बोईसरच्या बाजारात भेटला. फडक्यावर शेवळीच्या जुड्या मांडून बसला होता. मी ओळख दिली, तसा उठून उभा राहिला आणि आजूबाजूला पाहून हलक्या आवाजात म्हणाला, "गुरजी, तो तुमचा कागद, कुठं असंल हो आता?" मी म्हटले, असेल कुठल्या तरी दप्तरात. तो हसला, आणि दोन जुड्या माझ्या पिशवीत टाकल्या. पैसे काही केल्या घेईना.