अंत्यविधीची तयारी (महाराष्ट्र)

घरातील माणूस गेल्यापासून दहन वा दफन होईपर्यंतच्या काही तासांत कुटुंब, शेजारी आणि भावकी मिळून लावतात ती व्यवस्था. बरेचसे काम घराबाहेरची माणसे न सांगता अंगावर घेतात; बांबू आणायला कोण गेले, हे घरच्यांना पुष्कळदा नंतरच कळते. घरच्यांनी ठरवायच्या गोष्टी थोड्या असतात, पण त्या दुसऱ्या कोणाला ठरवता येत नाहीत.

पहिले काम डॉक्टरांच्या दाखल्याचे. दवाखान्यात मृत्यू झाला तर कारणाचा वैद्यकीय दाखला (नमुना 4) तिथेच मिळतो. घरी झाला तर तो उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून घ्यावा लागतो (नमुना 4अ), आणि खरी अडचण इथेच येते. वर्षानुवर्षे डॉक्टरकडे न गेलेले आजोबा झोपेत गेले, तर मृत्यू नैसर्गिक आहे असे लिहून द्यायला अनोळखी डॉक्टर कचरतो, आणि तो कचरतो यात त्याची चूक नाही. म्हणून अंथरुणाला खिळलेल्या माणसाला अधूनमधून तपासणारा एक डॉक्टर असावा, उपचारांची फाइल हाताशी असावी. अपघात, आत्महत्या, भाजणे किंवा संशयास्पद मृत्यू असेल तर पोलिसांना कळवावेच लागते. पंचनामा आणि गरजेप्रमाणे शवविच्छेदन होईपर्यंत थांबणे भाग असते. दाखल्यावरचे नाव आधार कार्डाप्रमाणे आहे ना, हे एकाने त्याच वेळी वाचून पाहावे. पुढे बँक, पेन्शन, वारसनोंद अशा प्रत्येक खिडकीवर एका अक्षराचा फरकही अडवतो. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, 1969 प्रमाणे मृत्यूची नोंद 21 दिवसांत करायची असते. वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो.

दानाचा निर्णय लगेच घ्यावा लागतो. नेत्रदान साधारण सहा तासांच्या आत व्हावे. तोवर पंखा बंद करून, पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवतात आणि डोक्याखाली उशी देतात. देहदान वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाकडे होते. हयातीत अर्ज भरलेला असला तरी देह पोहोचवायचा असतो नातलगांनीच, त्यामुळे ती इच्छा घरात सर्वांना माहीत हवी. शवविच्छेदन झालेला देह सहसा स्वीकारला जात नाही. छातीत पेसमेकर असेल तर दहनापूर्वी डॉक्टरांकडून काढून घ्यावा. आगीत त्याचा स्फोट होऊ शकतो.

दुरून येणाऱ्यांसाठी थांबायचे असल्यास बर्फ किंवा शीत शवपेटी मागवतात. तिरडीसाठी दोन लांब बांबू, आडव्या कामट्या, सुतळी आणि कडबा. त्याखेरीज पांढरे कापड, मडकी, गोवऱ्या, कापूर, तूप, काळे तीळ, गुलाल, बुक्का, हार. शहरात हे सारे ‘मयताचे सामान’ मिळणाऱ्या दुकानात एकत्र मिळते. सवाष्ण गेली तर हिरवी साडी आणि ओटी. वारकरी घरात भजनी मंडळींना सर्वांत आधी निरोप जातो. सरणाला सुमारे तीनशे किलो लाकूड लागते. खेड्यात पावसाळ्यात मोठी चिंता कोरड्या लाकडाची आणि छपराची असते. अजूनही काही गावांत ताडपत्री धरून अग्नी द्यावा लागतो, आणि ही उणीव ग्रामपंचायतींनी सर्वांत आधी भरून काढायला हवी. पुण्याच्या वैकुंठ स्मशानभूमीसारख्या ठिकाणी विद्युतदाहिनी आहे. तिथे जागा कधी मोकळी होईल हे विचारूनच लोकांना वेळ कळवावी.

दहन सर्वांचे होत नाही. लिंगायतांमध्ये देह बसवून पुरतात. महानुभावांतही पुरण्याची रीत आहे. मुसलमानांमध्ये गुस्ल (देहाला स्नान), कफन, जनाज्याची नमाज आणि दफन यांत शक्य तो विलंब करीत नाहीत. अशा घरी पहिला निरोप खड्डा खणणाऱ्यांना जातो.

अग्नी कोणी द्यायचा, यावरून ऐन वेळी तंटे होतात. 28 नोव्हेंबर 1890 रोजी जोतीराव फुले वारले तेव्हा दत्तकपुत्र यशवंत यांच्या हक्काला नातलगांनी हरकत घेतली; सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे (अंत्ययात्रेपुढे धरायचे मडके) हाती घेऊन अंत्यविधी केला. आपल्याला मिठात पुरावे अशी जोतीरावांची इच्छा होती, पण नगरपालिकेने परवानगी न दिल्याने दहन करावे लागले. आज अनेक घरांत लेकी अग्नी देतात, आणि त्यात कायद्याची काहीही आडकाठी नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवेच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. असा ठराव नसलेल्या गावातही घरच्यांनी हे आधी बोलून ठेवावे, कारण त्या क्षणी जमलेल्या बायकांना थांबवण्याचे बळ कोणाकडे नसते.

परदेशात मृत्यू झाल्यास तिथला मृत्यूदाखला, देह टिकवण्याची प्रक्रिया केल्याचे प्रमाणपत्र आणि भारतीय दूतावासाचे ना-हरकत पत्र लागते. पासपोर्टही तिथेच रद्द होतो. यात दिवस जातात, म्हणून अनेक मराठी कुटुंबे तिकडेच दहन करून अस्थी नाशिकच्या रामकुंडात विसर्जनासाठी आणतात.