मिठाचं विमान

गेल्या महिन्यात गावी गेलो होतो. रात्री ओट्यावर बसलो असताना नानाकाकांनी ती विमानाची गोष्ट पुन्हा एकदा सांगितली. आमच्या घरातल्या मंडळींनी ती इतक्या वेळा ऐकली आहे की काका "तर काय झालं..." म्हणाले की पोरं पुढचं वाक्य पूर्ण करतात. पण इथे वाचायला येणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगतो.

बारामती तालुका म्हटलं की लोकांना ऊस आठवतो. तो ऊस नीरा डाव्या कालव्याचा, भाटघरच्या पाण्यावरचा. आमचं गाव सुप्याच्या बाजूचं, जिरायत. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, आणि तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नसलेल्या आमच्याकडे पाचशेच्या आसपास, तोही आला तर. सह्याद्री सगळं पाणी पश्चिमेला पिळून घेतो आणि आमच्याकडे नुसते ढग पाठवतो. जून-जुलैमध्ये आमच्या डोक्यावरून रोज काळे ढग जातात, पण पडत नाहीत. हे ज्याने पाहिलंय त्यालाच पुढची गोष्ट नीट कळेल.

बहात्तरचा दुष्काळ झाला तेव्हा काका दहा-बारा वर्षांचे. आजी-आजोबा दोघंही दुष्काळी कामावर खडी फोडायला. खायला सुकडी आणि अमेरिकेतून आलेला तो लाल मिलो. त्यानंतरच्या पावसाळ्यांत कधीतरी दुपारच्या वेळी एक दोन इंजिनांचं विमान घरघरत यायचं, ढगात शिरायचं, बाहेर पडायचं, पुन्हा शिरायचं. पोरं मागे पळायची. मोठ्या माणसांत दोन तट. एक म्हणायचा, हे विमान मीठ टाकून पाऊस पाडतं. दुसरा म्हणायचा, पाऊस पळवतं. आजोबांचं मत वेगळंच होतं. ते म्हणायचे, "मीठ टाकलं की दूध नासतं, ढगाचं काय निराळं होणार?"

मी बरीच वर्षं हे सगळं लहानपणच्या तिखटमिठात जमा धरलं होतं. नंतर वाचायला लागल्यावर कळलं की मीठ खरंच होतं!

पुण्याच्या आयआयटीएम, म्हणजे उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने, पुण्याच्या पूर्वेला बारामतीच्या परिसरात १९७३, १९७४, १९७६ आणि पुढे १९७९ ते १९८६ असे अकरा पावसाळे हा प्रयोग केला. विमान होतं डीसी-३, म्हणजे डकोटा. आता मीठच का? ढगातला थेंब एक-दोन शतांश मिलिमीटरचा असतो, तो खाली पडत नाही, तरंगतो. दोन मिलिमीटरचा पावसाचा थेंब व्हायला असे सुमारे दहा लाख थेंब एकत्र यावे लागतात. सगळेच सारखे बारीक असले तर ते एकमेकांवर आदळतच नाहीत. समुद्रावरच्या ढगात मोठे खारे कण मुळातच असतात, आत जमिनीवरच्या ढगात धूळ-धुराचे असंख्य बारीक कण, त्यामुळे पाणी फार जणांत वाटलं जातं. (एकत्र कुटुंबातल्या जमिनीसारखं.) त्यात मिठाचा थोडा मोठा कण सोडला की तो ओल खेचून घेतो, मोठा होतो, आणि खाली येताना बाकीच्यांना गोळा करत येतो. कल्पना एवढीच.

याच्याआधीचा इतिहास अमेरिकेतला आणि तो रंगतदार आहे. जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत व्हिन्सेंट शेफर नावाच्या माणसाने १९४६ साली एका शीतपेटीत कोरडा बर्फ टाकला आणि आतल्या वाफेचे क्षणात हिमकण झाले. १३ नोव्हेंबरला त्याने मॅसॅच्युसेट्समधल्या डोंगराजवळच्या एका ढगावर विमानातून तेच केलं आणि ढगाखालून हिम झरताना दिसलं. त्याचा सहकारी बर्नार्ड व्हॉनेगट (कादंबरीकार कर्ट व्हॉनेगटचा भाऊ) याने सिल्व्हर आयोडाइड शोधून काढलं. पण ही दोन्ही औषधं शून्याखाली थंड झालेल्या ढगांवर चालतात. आमच्याकडचे पावसाळी ढग बरेचदा तेवढे उंच जातच नाहीत, म्हणून मीठ.

शेफरचे वरिष्ठ होते अर्विंग लँगम्यूर, १९३२ चे रसायनशास्त्रातले नोबेल विजेते. मला या सगळ्या गोष्टीत सगळ्यात जास्त विचार करायला लावणारा माणूस हाच. १९४७ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांच्या गटाच्या विमानाने अटलांटिकवरच्या एका चक्रीवादळात कोरडा बर्फ टाकला. ते वादळ नंतर वळलं आणि जॉर्जियाच्या किनाऱ्यावर जाऊन आदळलं. वळवलं आम्हीच, असं लँगम्यूरना वाटत होतं. हवामानखात्याचे लोक म्हणाले, तसंही ते वळणारच होतं. पुढे न्यू मेक्सिकोत त्यांनी आठवड्याच्या ठराविक वारी सिल्व्हर आयोडाइडचा धूर सोडायला सुरुवात केली आणि शेकडो मैलांवरच्या पावसातसुद्धा सात दिवसांचं चक्र दिसतंय असं जाहीर केलं. इतरांना ते पटलं नाही, कारण हवामान स्वतःहूनही कधीकधी अशी चक्रं धरतं. आता गंमत बघा. याच लँगम्यूरनी १९५३ साली एक व्याख्यान दिलं, प्रामाणिक शास्त्रज्ञसुद्धा हवं ते दिसायला लागून स्वतःला कसे फसवतात यावर! अशा विज्ञानाला त्यांनी 'रोगट विज्ञान' म्हटलं. त्यात स्वतःच्या पावसाचं उदाहरण अर्थातच नव्हतं.

मी त्यांना हसत नाही. पाऊस ही गोष्टच अशी आहे. मीठ टाकलं आणि पाऊस पडला, तर तो मिठामुळे पडला की पडणारच होता? दुसऱ्यांदा तोच ढग मिळत नाही. लग्न केलं नसतं तर काय झालं असतं, यासारखाच प्रश्न.

म्हणूनच बारामतीच्या प्रयोगाची मांडणी मला फार आवडते. त्यांनी परिसराचे तीन पट्टे केले, उत्तर, दक्षिण आणि मध्ये मोकळा. ज्या दिवशी उडायचं त्या दिवशी उत्तरेला मीठ टाकायचं की दक्षिणेला, हे नशिबावर सोडायचं, शास्त्रज्ञाच्या इच्छेवर नाही. ज्या पट्ट्यात मीठ नाही तो तुलनेसाठी. असं अकरा पावसाळे. शेवटी हिशेब निघाला २४ टक्के वाढीचा, आणि निव्वळ योगायोगाने असा आकडा येण्याची शक्यता शंभरात चार. पण हे सरसकट सगळ्या ढगांचं नाही. एक किलोमीटरपेक्षा जाड आणि आत पुरेसं पाणी असलेले ढगच मिठाला दाद देतात, असंही त्यांनी लिहून ठेवलं.

हे सगळं मी त्या रात्री काकांना सांगितलं. नशिबावर सोडण्याचा भाग आला तेव्हा काका थांबले.

"म्हणजे नाणं उडवल्यासारखं?"

"तसंच."

"आणि आम्ही खाली बघत बसायचो."

मी त्यांना समजावायचा प्रयत्न केला की तसं केलं नसतं तर काही कळलंच नसतं, औषधांच्या चाचण्याही अशाच होतात वगैरे. काकांनी मान हलवली. त्यांना पटलं, असं मला वाटतं. पण थोड्या वेळाने म्हणाले, "अण्णांना बरं झालं हे कुणी सांगितलं नाही." अण्णा म्हणजे आजोबा. यावर मला काही बोलता आलं नाही, आणि आजही लिहिताना सुचत नाहीये.

खरं तर त्याच वर्षांत, आमच्या शेजारच्या पुरंदर तालुक्यात, आणखी एक प्रयोग चालू होता. विलासराव साळुंखे हे पुण्यातले इंजिनिअर, स्वतःचा कारखाना असलेले. बहात्तरच्या दुष्काळात लोकांचे हाल बघून त्यांनी नायगावला देवस्थानची सुमारे चाळीस एकर माळजमीन कसायला घेतली आणि पडेल ते पाणी अडवून, मुरवून दाखवलं. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. नियम साधे: पाणी जमिनीप्रमाणे नाही तर माणशी, एका माणसामागे अर्ध्या एकरापुरतं, भूमिहीनालाही वाटा, ऊस लावायचा नाही. आकाशात डकोटा, खाली साळुंखे, आणि दोघंही एकाच पर्जन्यछायेत. एकाचा प्रश्न पाऊस वाढेल का, दुसऱ्याचा प्रश्न पडलेला कुणाचा. काकांच्या बालपणात विमानच राहिलं, कारण विमान दिसतं. माणशी अर्धा एकर कुठल्या पोराला दिसणार!

पुढे दुष्काळ आला की सरकारला विमान आठवायचं. २००३ मध्ये, २०१५ मध्ये, २०१९ मध्ये राज्यात कृत्रिम पावसाचे कार्यक्रम झाले. अडचण अशी की दुष्काळात मुळात ढगच कमी असतात. आयआयटीएमने मात्र आपलं काम सोडलं नाही. २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात त्यांनी सोलापुरात, पुन्हा पर्जन्यछायेतच, २७६ ढगांवर प्रयोग केला. यातही काही ढगांवर फवारणी, काहींवर नाही. २०२३ मध्ये आकडे आले: काही ठिकाणी सरासरी ४६ टक्के जास्त पाऊस, आणि वाऱ्याच्या दिशेने शंभर चौरस किलोमीटरच्या टापूत सरासरी १८ टक्के. पाणी पडलं लिटरला १८ पैशांना. यावेळी रडार होतं, विमानातली मोजमापं होती. तरीही दुष्काळ यानेच हटेल असं त्यांनी म्हटलेलं नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं.

काकांना मी १८ टक्क्यांचं सांगितलं. त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला. आमच्याकडे एका चांगल्या सरीत वीस मिलिमीटर पडतो. म्हणजे साडेतीन मिलिमीटर जास्त, आणि तोही जिथे फवारलं तिथे.

"बाजरीला पुरेल," ते म्हणाले. "फुलोऱ्यात आला तर." मग उठून गोठ्यातला दिवा मालवायला गेले.