भार आणि उपचार : पाठ व मानेच्या दुखण्यांच्या पुनर्वसनाचा इतिहास (नवापूर तालुक्याच्या संदर्भात)

प्रस्तावना

नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर हे तालुक्याचे गाव महाराष्ट्र व गुजरात यांच्या सीमेवर वसलेले आहे. सुरत-भुसावळ लोहमार्गावरील येथील स्थानकाचा फलाट दोन राज्यांत विभागला गेला असून प्रवाशांना त्याचे कौतुक वाटते. परिसरातील आदिवासी शेतमजुराच्या दृष्टीने मात्र सीमा ओलांडणे ही पोटाची बाब आहे. दिवाळीनंतर खानदेशातून मजुरांच्या टोळ्या दक्षिण गुजरातेतील साखर कारखान्यांच्या ऊसतोडीस जातात. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकात बारडोली परिसरातील ऊसतोडीचा अभ्यास केला, तेव्हा या मजुरांचा प्रमुख पुरवठा खानदेशातूनच होत असल्याचे त्यांनी नोंदविले. मुकादम मजुरांची मोजणी माणसांवर नव्हे, तर 'कोयत्यां'वर करतो. कोयता म्हणजे ऊस तोडणारा पुरुष आणि मोळी बांधून ती डोक्यावरून वाहणारी त्याची स्त्री. वाकून तोडणे व डोक्यावर वाहणे या दोन क्रियांत कंबर आणि मान यांचा कस लागतो.

वारंवार उद्भवणाऱ्या पाठदुखीच्या व मानदुखीच्या उपचारांचा इतिहास सामान्यतः दवाखान्याच्या बाजूने लिहिला जातो. प्रस्तुत निबंधात तो भार वाहणाऱ्याच्या बाजूने पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

वैद्य, वस्ताद आणि पायाळू माणूस

आयुर्वेदात कटिशूल, गृध्रसी, मन्यास्तंभ या संज्ञा प्राचीन आहेत. सुश्रुतसंहितेत अस्थिभंगाचे संधिमुक्त आणि कांडभग्न असे दोन वर्ग केले असून त्यांच्या उपप्रकारांचे तपशीलवार विवेचन आढळते. तथापि आधुनिक पुनर्वसनाच्या दृष्टीने तेथील एक लहानसा निर्देश अधिक मोलाचा वाटतो. हाताच्या भग्नानंतर रुग्णाने प्रथम मातीचा गोळा धरावा, नंतर सैंधवाचा खडा आणि बळ आल्यावर दगड धरावा, असे तेथे सांगितले आहे. भार क्रमाक्रमाने वाढवीत अवयव पुन्हा कामास लावणे हे आजच्या व्यायामोपचाराचेही सूत्र आहे.

लोकव्यवहारात मात्र हे ज्ञान ग्रंथांतून आले नाही. गावोगावचे हाडवैद्य आणि तालमीतील वस्ताद लचक, मुरगळ, निखळलेला सांधा यांवर हात चालवीत. पाठीत उसण भरली की पायाळू जन्मलेल्या माणसाचा पाय पाठीला लावून घेण्याची प्रथा महाराष्ट्रात सर्वदूर होती व काही ठिकाणी अद्यापही आढळते. तिला केवळ अंधश्रद्धा म्हणून निकालात काढणे सोपे आहे. परंतु पाठीची बहुसंख्य दुखणी काही आठवड्यांत आपोआप ओसरतात, त्यामुळे पाय लावणाऱ्याला यश येणे स्वाभाविकच होते. हीच गोष्ट पुढे अनेक पदवीधर उपचारकांच्या यशासही लागू पडते, याचे विस्मरण होऊ नये.

पुनर्वसनशास्त्राची उभारणी

आधुनिक पुनर्वसनसेवा महाराष्ट्रात आली ती पाठदुखीसाठी नव्हे. तिला दोन निमित्ते घडली, युद्ध आणि पोलिओ. जखमी सैनिकांसाठी १९४४ साली पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात १९५० साली श्रीमती कमला निंबकर यांनी व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू केले. जन्माने अमेरिकन असलेल्या या विदुषीचे कार्य मराठी वाचकांना अद्याप पुरेसे परिचित नाही. १९५२ च्या सुमारास मुंबईत पोलिओची साथ आली आणि तिच्या पाठोपाठ १९५३ मध्ये त्याच रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्याने भौतिकोपचाराची शाळा निघाली. १९५५ साली हाजीअली येथे अखिल भारतीय भौतिकोपचार व पुनर्वसन संस्थेची स्थापना झाली.

या सर्व संस्था मुंबई-पुण्यात होत्या. खानदेशात धुळ्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ मध्ये सुरू झाले. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आला, पण त्याला स्वतःचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळण्यास २०२० साल उजाडावे लागले. मधल्या काळात सीमेवरच्या तालुक्यातील मजुराला कंबरदुखीसाठी दीर्घकाळ व्यायामोपचार घ्यावयाचा तर रोज बुडवून प्रवास करणे भाग होते. भौतिकोपचार एका खेपेत संपत नाही आणि रोजंदारीवर जगणाऱ्यास दुसरी खेप परवडत नाही.

कायरोप्रॅक्टिक : हाताची विद्या आणि कायदा

कण्याच्या मणक्यांवर हाताने दाब देऊन उपचार करणारी कायरोप्रॅक्टिक पद्धती अमेरिकेत आयोवा राज्यातील डॅव्हनपोर्ट येथे १८९५ मध्ये डी. डी. पामर यांनी सुरू केली. गंमत अशी की त्यांचा पहिला गाजलेला दावा पाठदुखीचा नव्हता. एका सफाई कामगाराचा बहिरेपणा दूर केल्याचा तो दावा होता. मणक्याच्या विस्थापनातून सर्व रोग उद्भवतात ही त्यांची उपपत्ती शास्त्रीय कसोटीस उतरली नाही. अमेरिकन वैद्यक संघटनेने या पद्धतीवर दीर्घकाळ बहिष्कार घातला. त्याविरुद्ध कायरोप्रॅक्टरांनी १९७६ मध्ये दाखल केलेल्या दाव्याचा निकाल १९८७ मध्ये लागला आणि हा बहिष्कार स्पर्धाविरोधी व बेकायदेशीर ठरला. न्यायालयाने उपपत्ती खरी ठरविली नव्हती, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये या पद्धतीच्या मूलभूत प्रशिक्षणासाठी व सुरक्षिततेसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. भारतात कायरोप्रॅक्टिकसाठी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. याउलट व्यवसायोपचार व भौतिकोपचार यांच्यासाठी महाराष्ट्राने २००२ चा परिषद अधिनियम केला आणि केंद्राने २०२१ साली संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यामुळे मान 'मोकळी' करून देणारा माणूस कितपत शिकलेला आहे, हे रुग्णाने कशावरून ठरवावे हा प्रश्न शहरातही सुटलेला नाही. मानेवर जोराचा झटका दिल्यास रक्तवाहिनीस इजा होण्याचा धोका, क्वचित का होईना, असतो.

पुरावा काय सांगतो

जागतिक अभ्यासानुसार २०२० साली सुमारे ६१ कोटी ९० लक्ष लोकांना कंबरदुखीचा त्रास होता. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी जी तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत रुग्णशिक्षण, व्यायाम, मानसोपचार, मर्दन आणि कण्यावरील हस्तोपचार यांना स्थान आहे. कंबरपट्टे आणि ताण देणे, ज्याला रुग्ण 'ट्रॅक्शन' म्हणतात, यांची मात्र शिफारस केलेली नाही. म्हणजे हाडवैद्याच्या हाताला मर्यादित मान्यता मिळाली आणि कित्येक वर्षे सर्रास वापरलेल्या पट्ट्याची नामंजुरी झाली.

भार कमी करण्याचा प्रयत्न

उपचाराइतकाच महत्त्वाचा इतिहास वैद्यकाबाहेर घडला. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ३४ व्या कलमाने इजा होईल इतके वजन कामगाराकडून उचलून घेण्यास मनाई केली. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९६७ मध्ये प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोग्रॅमची मर्यादा सुचविली. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा केला. ज्या कामगारवर्गाला 'माथा' या शब्दावरून नाव मिळाले, त्याचे नावच कायद्याला लाभले. अण्णासाहेब पाटील यांच्या संघटनेने मुंबईत आणि बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने पुण्यात हा लढा चालविला. शंभर किलोचे पोते पन्नास किलोवर आणण्याच्या मागणीने जेवढ्या पाठी वाचल्या असतील, तेवढ्या कोणत्याही एका दवाखान्याने वाचविल्या नसतील.

या संरक्षणाचा लाभ प्रामुख्याने बाजारपेठा, गोद्या आणि कारखान्यांतील कामगारांना झाला. ऊसतोड मजूर कारखान्याचा ऊस तोडतो, पण तो मुकादमाच्या टोळीतला असतो आणि फड हा कारखान्याच्या भिंतीबाहेर असतो. नवापूरची स्त्री सीमेपलीकडे मोळी वाहते, तेव्हा ती मोळी तोलून पाहणारा निरीक्षक तेथे नसतो. मोळी केवढी बांधावयाची हे टनामागे मिळणाऱ्या मजुरीवरून ठरते.