फर्नेस, हीट पंप आणि एकतीस डिसेंबर

स्मरणिकेसाठी ‘तुमच्या अमेरिकेतल्या मुक्कामाबद्दल लिहा’ असा कमिटीचा निरोप आला. नायगारा आपल्या सोसायटीतल्या निम्म्या मंडळींनी पाहिलाय, तेव्हा तो सोडतो. मी लिहिणार आहे मुलीच्या न्यू जर्सीतल्या घराच्या बेसमेंटमधल्या फर्नेसबद्दल, आणि त्या निमित्ताने मी दिलेल्या एका सल्ल्याबद्दल.

2024 च्या उन्हाळ्यात आम्ही उभयता तिकडे होतो. फर्नेस म्हणजे थंडीत घरभर गरम हवा सोडणारी गॅसची भट्टी. ती वीस वर्षांची झालेली, आणि एसीही तिच्याच वयाचा. दोन्ही काढून हीट पंप बसवावा असं जावयांच्या मनात होतं. हीट पंप म्हणजे उलटसुलट चालणारा एसीच समजा. उन्हाळ्यात घरातली उष्णता बाहेर टाकतो आणि थंडीत बाहेरच्या गार हवेतूनही उष्णता ओढून आत आणतो. खर्च बराच, पण त्यातले 30 टक्के, जास्तीत जास्त 2000 डॉलर, सरकार करातून सोडणार होतं. आपल्या 80 सी सारखी ही उत्पन्नातली वजावट नव्हे. भरायच्या करातूनच रक्कम वजा. मात्र तेवढा कर बसतच नसेल तर उरलेले पैसे हातात मिळत नाहीत, पुढच्या वर्षीही ओढता येत नाहीत. म्हणजे ज्याला थंडीतल्या बिलाची खरी धास्ती, त्याच्या पदरात कमीच. हे मला तेव्हाही खटकलं.

बँकेतली जुनी खोड. कुठलीही योजना दिसली की तिचं मूळ परिपत्रक शोधायचं. वाचत वाचत मी थेट 1973 च्या तेलसंकटापर्यंत गेलो. अरब देशांनी तेल रोखलं आणि अमेरिकेत पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. फेब्रुवारी 1977 मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर स्वेटर घालून टीव्हीवर आले आणि म्हणाले, घरात दिवसा 65 अंश फॅरनहाइट ठेवा, रात्री 55. म्हणजे आपले 18 आणि 13. आपल्याकडे या तापमानाला कानटोप्या निघतात!

नोव्हेंबर 1978 मध्ये कायदा झाला. छताखाली उष्णतारोधक थर, दुहेरी खिडक्या, दाराच्या फटी बुजवणं, घड्याळाचा थर्मोस्टॅट अशा कामांच्या पहिल्या 2000 डॉलर खर्चावर 15 टक्के, म्हणजे फार तर 300 डॉलर सूट. घर मात्र 20 एप्रिल 1977 पूर्वी बांधून झालेलं हवं. हा कायदा करणाऱ्यांना जुन्या घरांची गळती थांबवायची होती, हे त्या एका अटीवरून कळतं. 1985 अखेर ती सूट संपली. पुढच्याच वर्षी तेल कोसळलं आणि वीस वर्षं कुणाला आठवणही झाली नाही.

2005 च्या कायद्याने सूट परत आली, पण 2006 आणि 2007 पुरतीच, आणि आयुष्यभरात मिळून 500 डॉलर. 2008 साली काहीच नाही. 2009 मध्ये मंदीत लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून 30 टक्के आणि 1500 डॉलर. 2011 पासून पुन्हा 10 टक्के आणि 500. मग कधी मुदत संपायची, कधी मागील तारखेपासून वाढायची. ऑगस्ट 2022 च्या कायद्याने मात्र एकदम दहा वर्षांची हमी दिली. 2032 अखेरपर्यंत.

हे सगळं मी त्याच आठवड्यात वाचलेलं, तरीही जावयांना म्हणालो, “अहो, कायद्यात 2032 लिहिलंय. चालती फर्नेस कशाला काढता? बंद पडेल तेव्हा बदला.” कर्जाच्या फाईलवर शेरा मारावा तसा मी बोललो आणि त्यांनी ऐकलं. (आपल्या गच्चीवरच्या सोलरचा विषय दोन वार्षिक सभांत पुढे ढकलला गेला, तेव्हा ‘घाई काय आहे’ म्हणणाऱ्यांत मीही होतो. सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक विजेसाठी किलोवॅटमागे 18,000 रुपये अनुदान आहे, आणि तिची मुदत 2026-27 पर्यंतच आहे.)

4 जुलै 2025 ला नव्या कायद्यावर सही झाली आणि 2032 चं 31 डिसेंबर 2025 झालं. नुसते पैसे भरून भागणार नव्हतं; यंत्र त्या तारखेपर्यंत बसून चालू व्हायला हवं होतं. मुलीने ऑक्टोबरमध्ये चौकशी सुरू केली. पण तोपर्यंत सगळ्यांनाच घाई झालेली. ज्याचा भाव परवडत होता त्याने जानेवारीचा दुसरा आठवडा दिला. दोन हजार डॉलर गेले आणि हीट पंपाचा बेतही तूर्त बारगळला.

जावई मला एका शब्दाने बोलले नाहीत. मुलगी मात्र रविवारच्या व्हिडिओ कॉलवर कधीकधी फोन घेऊन बेसमेंटमध्ये उतरते, फर्नेसची घरघर ऐकवते आणि म्हणते, “बाबा, तुमची फर्नेस अजून चालू आहे बरं का.”